मागच्या दाराचा आवाज

आमच्या आईला साधी समजू नका हां. दसऱ्यानंतर आमच्या गाडीचं सेंट्रल लॉकिंग बिघडलेलं. बटण दाबलं की दारं लॉक व्हायची आणि लगेच परत उघडायची. शीळफाट्याच्या एका गॅरेजमध्ये नेली, आई सोबत होती. मेकॅनिक म्हणाला, "सगळी सिस्टीमच बदलावी लागेल."

आई खाली उतरली. "दादा, पुन्हा एकदा दाबा बघू." डोळे मिटून तिने ऐकलं. "तीन दारं खटकन लागतात. डावीकडचं मागचं अडखळतंय."

"मावशी, ते कानाने नाही कळत. मशीन लावावी लागते."

"लॉकमध्येही मोटरच ना? बावीस वर्षं एमआयडीसीत असल्या छोट्या मोटरी कानानेच पास केल्यात मी."

तिने केसांतली पिन काढली, त्या दाराच्या लॉकमध्ये घातली आणि दोऱ्याचा गुंता बाहेर ओढला. त्याला झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. दसऱ्याला दारांना हार मीच बांधलेले, आणि या दाराचा हार घाईत दारातच चेंगरलेला.

मेकॅनिकने बटण दाबलं. चारही दारं लागली आणि लागलेलीच राहिली. त्याने आतून खुर्ची आणली, कोपऱ्यातल्या दुसऱ्या गाडीजवळ ठेवली आणि म्हणाला, "मावशी, जरा हिचंही ऐकता का?"