आईची साखर उतरेना

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. शाळा लवकर सुटली माझी.

आमच्या आईला मधुमेह होता. गोळ्या चालू, चहा बिनसाखरेचा, तरी लघवी तपासली की साखर वाढलेलीच. घरचं गुऱ्हाळ, त्यामुळे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवूनच टाकलं की ही चोरून गूळ खाते. गुळाच्या खोलीला कुलूप लागलं.

आई म्हणायची, "आवं, देवाशपथ, बोटबी लावलं न्हाई."

आबा पाव्हण्यांसमोर म्हणायचे, "मग साखर काय वाऱ्यानं येती व्हय?"

सगळे हसायचे. आई हिरड्यांना तंबाखूची मिश्री चोळत बसायची. हिरड्या दुखतात म्हणून ती सारखी चोळते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दात हलायला लागले तेव्हा आम्ही तिला मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड पाहिलं आणि म्हणाले, "हिरड्यांत पू झालाय. असं असलं की गोळ्या घेऊनही साखर नीट उतरत नाही. हिरड्यांवर उपचार करू, पण मिश्री बंद."

आबा हळूच म्हणाले, "म्हंजे ही गूळ खात न्हवती?"

आई म्हणाली, "माज्यावर इस्वास ठेवायला तुमास्नी दातांचा डाक्टर लागला व्हय?"

पुढे साखर उतरली, पण मिरजेत त्या दिवशी आईचे चार दात काढावे लागले. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला चूळ भरायला मिठाचं कोमट पाणी केलं, आणि तांब्या आबांच्या हातात दिला.