शेजारची सीट

बाबा गेल्यावर त्यांची गाडी विकायला मी गॅरेजमध्ये आले होते. बाकावर शेजारी बसलेलं जोडपं तीच गाडी बघायला आलं होतं. मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“मासिकात स्पष्ट छापलंय, शेजारची सीट कोरी असेल तर गाडी कमी फिरलेली. घेऊन टाकू.”

“मागची गाडीही मासिक वाचूनच घेतलीत. घाटात ढकलली कोणी? मी!”

“अगं, जाणकार लिहितात ते.”

“अहो, क्लचच्या पेडलचं रबर बघितलंत? पार गुळगुळीत झालंय. भरपूर फिरलीय ही.”

“मग सीट कशी कोरी राहिली?”

“शेजारी बसायला कोणी नसेल.”

“असं कसं? घरचं कोणीतरी असेलच की.”

“मालक येईल ना आता, त्यालाच विचारा.”

मी किल्ली मुठीत धरून बसून राहिले.