आपोआप पुढच्या आठवड्यात

(रविवारची संध्याकाळ. दिवे अजून लावलेले नाहीत. नवरा-बायको सतरंजीवर आडवे पडून छताकडे बघताहेत. ती कंपन्यांच्या कामांचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर बनवते. तो घरोघरी जाऊन पियानो सुरात लावतो.)

ती: ...आणि नव्या आवृत्तीत लाल रंगच नाही! काम रखडलं तरी कुणी डोळे वटारणार नाही.

तो: मग रखडलंय हे कळायचं कसं?

ती: कळायचंच नाही, तीच तर गंमत. माणूस कामात बुडालेला दिसला, की त्याचं बाकीचं सगळं आपोआप पुढच्या आठवड्यात सरकतं. आवाज नाही, निरोप नाही. सकाळी उघडावं तर स्क्रीन नुसती निळी, पहाटेच्या तळ्यासारखी.

तो: वा. ऐकूनच झोप यायला लागली.

ती: कर चेष्टा. अरे, काल स्वप्नातही तेच! कामांची कार्डं पाण्यावरून लांब लांब चाललेली, आणि मी काठावर पाय सोडून बसलेली. इतकं बरं वाटत होतं.

तो: त्यातलं एखादं माझं असेल.

ती: तुझं?

तो: चाचणीसाठी आपलं घरच घातलंस ना त्यात? घरभाडं, गळका नळ, पडदे धुणं. मीही एक काम टाकलं होतं, तुझ्या नावावर.

ती: मला कसं नाही दिसलं?

तो: तू कामात होतीस. सरकलं. मग पुन्हा सरकलं. मी बघायचो ना रोज. चोख चालतंय हो तुमचं, बाईसाहेब.

ती: काय लिहिलं होतंस?

तो: ‘बोलायचं आहे.’

ती: अरे देवा! मग तोंडाने सांगायचंस की. एका घरात राहतो आपण.

तो: तोंड उघडलं होतं गं. तू ‘एक मिनिट हं’ म्हणालीस, आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. तेवढाच एक दिवस बरा गेला.

ती: आता सांग.

तो: पियानोचे उजव्या टोकाचे सूर असतात ना, अगदी बारीक? ते आधी लांब गेले. पलीकडच्या गल्लीत कुणी वाजवत असावं, तसे. आता पट्टी दाबतो, हातोडी तारेवर पडताना दिसते, आणि... काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेल्यातच जमा. उजव्याचं बघू म्हणाले.

ती: एकटाच जाऊन आलास...

तो: काय? पुटपुटलीस ना, ते नाही आलं.

ती: उठू नकोस. मीच तुझ्या उजव्या बाजूला येते.