एकतीस जणींची पूर्ण नावे

तिसगाव पोलीस दूरक्षेत्र, दि. २२ फेब्रुवारी १९७३

नाव : दया याकोब भिंगारदिवे. वय : ३६ वर्षे. शिक्षण : सातवी फायनल पास. धंदा : शिवणकाम, तसेच प्रौढ साक्षरता वर्गाची शिक्षिका. राहणार : तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहमदनगर.

आज बाजारच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता, शिपायाकरवी निरोप आल्यावरून मी आपल्या पायांनी ठाण्यात आले आणि विचारलेल्या गोष्टींचा जबाब देते तो येणेप्रमाणे. हवालदार बन्सी आव्हाड यांनी "बाई, थोडक्यात सांगा" असे सुचविले. थोडक्यात लिहिल्यामुळेच हे प्रकरण इथवर आले आहे, म्हणून मी सविस्तर सांगणार आहे आणि ते त्यांनी सविस्तरच लिहावे.

मी वरील ठिकाणी माझी आई एलिझाबेथ हिच्यासह राहते. मागच्या साली पाऊस गेला, त्यामुळे गावाच्या पूर्वेस पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले आहे. त्या कामावर मुरूम वाहणाऱ्या एकतीस बायकांना मी ऑक्टोबर महिन्यापासून लिहावाचायला शिकवते. वर्ग दुपारी एक ते दोन, भाकरी खाऊन झाल्यावर, बांधाजवळच्या लिंबाखाली भरतो. पाट्या बाराच मिळाल्या. त्या एकतीस हातांना पुरत नाहीत, म्हणून बाकीच्या जणी जमीन तळहाताने सारखी करून तिच्यावर खडीच्या टोकाने लिहितात.

वर्गाला सरकारी अनुदान आहे. पाट्या, खडू आणि माझे मानधन त्यातूनच मिळते. त्यासाठी दर महिन्याच्या पाच तारखेस वर्गाचे विवरणपत्र तीन प्रतींत वरच्या कार्यालयाकडे पाठवावे लागते. मी एकही विवरणपत्र उशिरा पाठविलेले नाही. पोहोचपावत्या सोबत आणल्या आहेत, हव्या असल्यास पाहाव्यात.

दि. १८ जानेवारी रोजी टपालाने विवरणपत्राचा सुधारित नमुना आला. जुन्यात नऊ रकाने होते, नव्यात सतरा. त्यातला चौदावा रकाना असा होता : "शिकाऊ व्यक्तीने तपासणीवेळी स्वतःचे पूर्ण नाव स्वतः सांगितले काय? होय / नाही." खाली टीप होती की, त्या वेळी शिक्षकाने वीस पावले दूर उभे राहावे आणि एकीचे नाव दुसरीने सांगू नये. वीसपेक्षा कमी 'होय' आल्यास वर्ग बंद करावा आणि नावे बोगस असल्याचा संशय आल्यास पोलिसांत कळवावे. खोटी पटसंख्या दाखवून अनुदान खाणारे आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे उद्देशाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कोणी हा रकाना आखला त्याने आपल्या आईला वडिलांचे नाव कधी विचारले नसावे.

आमच्याकडे बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. पूर्ण नाव म्हटले की मधे नवरा आला. रेशनकार्डावर, मस्टरवर, दवाखान्यात, सगळीकडे ते नाव शेजारची बाई सांगते आणि काम चालते. आम्ही ख्रिस्ती असल्याने आमच्या घरात त्याचे इतके वावडे नाही. माझी आई माझ्या वडिलांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारीत असे. तरी मी याच गावात वाढले आहे. नमुना वाचून मला हे तेव्हाच सुचायला हवे होते. ते सुचले नाही, ही माझी चूक आहे व ती मी कबूल करते.

दि. ३० जानेवारी रोजी दुपारी सव्वा वाजता तपासणी अधिकारी श्री. राधाकृष्ण देव्हारे जीपमधून कामावर आले. त्यांनी मला वीस पावले मोजून उभे केले. पहिल्यांदा केशरबाई लवांडे हिला पूर्ण नाव विचारले. ती 'केशरबाई' म्हणाली आणि तिने पदराचे टोक तोंडात धरले. साहेबांनी पुन्हा विचारले, तेव्हा ती "आमच्या कुंडलिकच्या वडलांचं नाव व्हय? ते या रतनबाईला इचारा की" असे म्हणाली. साहेबांनी 'नाही' अशी खूण केली. रतनबाई हुशार आहे. तिने उखाण्यातून नाव घ्यावे म्हणून "मुरमाची पाटी डोईवर, वरून रखरखतं ऊन" इथवर म्हटले. नाव पुढच्या ओळीत होते. साहेब म्हणाले, "बाई, गाणी नकोत. नाव सांगा." उखाणा अर्धाच राहिला. एक 'होय' तिथेच वाया गेला. मग बायका हसू लागल्या आणि साहेबांना वाटले, लबाडी उघडी पडली म्हणून हसतात.

अशा रीतीने एकतीस वेळा 'नाही' लिहिले गेले. मी पुढे होऊन कारण सांगितले. साहेब म्हणाले, "बाई, कारणाला रकाना नाही. विचारलंय तेवढंच मी लिहिणार." ते खोटे बोलले नाहीत व त्यांनी काही मागितलेही नाही, हे मी मुद्दाम नमूद करू इच्छिते. त्यांनी शेऱ्यात लिहिले : "शिकाऊ महिलांना पतीचे नाव माहीत नाही. नावे बोगस असावीत."

हा शेरा जीपच्या ड्रायव्हरकडून चहाच्या टपरीवर आणि तिथून गावभर गेला. बायकांना नवऱ्याचे नाव माहीत नाही, अशी थट्टा सुरू झाली. केशरबाईचे पती मच्छिंद्र लवांडे यांना तर लोक "तुम्ही कोन, पाव्हनं?" असे विचारू लागले. ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "बाई, बास झाली तुमची साळा. माझी बायको उद्यापून यायची न्हाई." दुसऱ्या दिवशी केशरबाई लिंबाखाली वेळेवर हजर होती. घरी काय झाले ते मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

पुढे कार्यालयाचे पत्र आले की खुलासा न पटल्यास वर्ग फेब्रुवारीअखेर बंद होईल. त्याच पत्राची नक्कल या ठाण्यात आल्याने मला आज बोलावले. चार महिन्यांत ज्या बायका 'क'पासून एसटीच्या पाटीपर्यंत आल्या, त्या पुन्हा अंगठ्यावर जाणार आणि वर मी चोर ठरणार, या विचाराने मला पंधरा दिवस झोप नव्हती. ठाण्यात हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी एकटीच येणार होते. परंतु बाजारामुळे आज तलावाचे काम बंद असते. मी ठाण्याच्या पायरीवर पोहोचले तेव्हा मागे तीस बायका होत्या. एकतिसावी चांगुणा तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी बाळंतपणासाठी अकोल्याकडे माहेरी गेली आहे. तिचे पोस्टकार्ड मला ९ तारखेस आले : मुलगी झाली, खुशाल आहे, वर्ग कुठवर आला ते कळवा. खाली पाठविणारीचे पूर्ण नाव तिच्या हातचे आहे. ते कार्ड मी हवालदारांकडे दिले, परत मिळावे.

श्री. देव्हारे साहेबही आज ठाण्यात हजर होते. हवालदारांनी बायकांच्या नावांची यादी करण्यास घेतली आणि अंगठ्यासाठी शाईचे पॅड उघडून ठेवले. मी म्हटले, "ते मिटवा. वाळून जाईल." मी कागद मागितला. हवालदारांनी ठाण्याचा कोरा ताव दिला.

केशरबाई पुढे आली. ती साहेबांना म्हणाली, "सायेब, तवा तुमी सांगा म्हनला. लिवा म्हनला असता तर तवाच दिलं असतं. तोंडानं न्हाई घेत आमी. हातानं घेतो. हाताला कुठं जीभ हाय?" आणि तिने उभ्यानेच, टेबलावर वाकून लिहिले : केशरबाई मच्छिंद्र लवांडे. 'च्छ' लिहिताना ती थांबली. मी बोलले नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी मोजून वीस पावले मागे, ठाण्याच्या दाराबाहेर होते. तिने 'च्छ' बरोबर लिहिला.

मग एकेक जण पुढे आली. वर्गात आम्ही पूर्ण नावे जमिनीवर लिहीत असू आणि कुणी वाचण्याआधी ज्या त्या बाईने तळहाताने पुसायची, असा रिवाज पडला होता. बनुबाई साळवे पन्नाशीच्या पुढची आहे, तिचे पती वारून एकोणीस वर्षे झाली. तिने 'बनुबाई भीमा साळवे' लिहिले आणि सवयीने तळहात उचलला. तो तसाच वर धरून ती म्हणाली, "हे न्हाई पुसत. ऱ्हाऊ द्या त्यास्नी कागदावर." त्या वेळी मी रडले. हवालदारांनी ही ओळ गाळू का असे विचारले, मी नको म्हटले.

रतनबाईची पाळी आली तेव्हा देव्हारे साहेब स्वतः म्हणाले, "बाई, तुमची ती दुसरी ओळ राहिली होती." रतनबाईने नाव लिहिले, पदर सारखा केला आणि म्हटले :

"मुरमाची पाटी डोईवर, वरून रखरखतं ऊन,
गहिनीनाथरावांचं नाव घेते, सायेब घ्या लिहून."

ठाण्यात हसू उसळले. कोठडीत एक दारूबाज होता, तोही "वा" म्हणाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टी मागून घेतली. नमुन्याच्या कडेला कोरी जागा होती, तिथे उभी रेघ मारून अठरावा रकाना आखला आणि डोक्यावर लिहिले : "पूर्ण नाव स्वहस्ते लिहिले काय?" खाली एकाखाली एक एकतीस वेळा 'होय' लिहिले. शेवटचा चांगुणेच्या कार्डावरून. मग आपलाच जुना शेरा खोडून त्यावर सही केली आणि वर्ग चालू ठेवावा, असे लिहून दिले. मला म्हणाले, "पुढचा नमुना छापतील तेव्हा हा रकाना घालायला सांगतो." मी म्हटले, "छापीपर्यंत आम्ही पट्टी बाळगू."

या लिखाणास दोन पंच हवे होते. टपरीवाले गोरक्ष शेलार आले. दुसरे मच्छिंद्र लवांडे, बायकोला घेऊन जायला म्हणून आलेले आणि दाराशी उभे. ते तो ताव बराच वेळ पाहत राहिले. "यात माझं कुठलं?" असे त्यांनी विचारले, केशरबाईने बोट ठेवून दाखविले. ते म्हणाले, "लई बारीक लिवलंय." ती म्हणाली, "कागद ठान्याचा हाय, जपून लिवलं."

शाईचे पॅड अखेर त्यांच्यासाठी उघडावे लागले. हवालदारांनी समजावून सांगितले की, अंगठा कुणाचा ते शेजारी दुसऱ्याने लिहावे लागते, त्याला दस्तुर म्हणतात, आणि ते लिहिण्यासाठी त्यांनी टाक उचलला. मच्छिंद्र यांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "तुमी नगा लिवू हवालदारसाहेब. घरचं मानूस हाय की."

याहून मला काही सांगायचे नाही. हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला आणि मागे उभ्या असलेल्या बायकांनी ओळींवर बोट फिरवून ताडून पाहिला. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती ती रतनबाईने दाखविली, हवालदारांनी दुरुस्त केली. आता तो मी सांगितला तसाच आहे.

(सही) दया याकोब भिंगारदिवे

पंच १ : (सही) गोरक्ष शेलार

पंच २ : मच्छिंद्र रामभाऊ लवांडे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

दस्तुर : केशरबाई मच्छिंद्र लवांडे