निशाण नव्हतं

नाही म्हणजे नाही, पोरी — निशाण नव्हतं. किती वेळा तेच विचारशील? आईने कोर्टात शपथ घेऊन सांगितलं, मीही तेच सांगते, आणि ते तुझं यंत्र टिपतंय ना, टिपू दे — त्या दिवशी आमच्या दारावर पांढरं निशाण नव्हतं. आणि निशाण नाही म्हणजे चिचा नाही, हे आमच्या खोऱ्यात गाढवालाही कळतं. मका आंबला, चिचा म्हणजे आमची मक्याची दारू तयार झाली की बांबूला पांढरं फडकं, रांजण संपला की फडकं खाली — त्यात लबाडी करणाऱ्या बाईच्या दारात कुत्रंही फिरकत नाही. जज्ज शहरातला, पण त्यालाही कळलं की! तुझा आजोबा मेलितोन म्हणत होता, गुड फ्रायडेला पाटकरी इलारियोनचा वरच्या पाटावर खून झाला तेव्हा मी कास्ताबाईच्या घरात पीत बसलो होतो. कास्ताबाई म्हणजे माझी आई. मग जज्ज म्हणाला, निशाण नव्हतं तर प्यायलास काय, वारा? — सगळं कोर्ट हसलं. आणि गेला मेलितोन तुरुंगात. पाण्याच्या पाळीवरून भांडला तोच, इलारियोनला शिव्या दिल्या त्यानेच, साऱ्या गावाने ऐकलेल्या.

बस गं, रागावू नकोस. उन्हाची आलीयेस. मला कळत नाही होय? तुरुंगातच मेला तो. आणि उद्या कोचाबांबाच्या कोर्टात ते जुनं प्रकरण पुन्हा उघडणार, तुझ्या आईला वाटतं की आपला बाप खुनी नव्हता हे आपले डोळे मिटायच्या आत कोर्टाने म्हणावं. वाटणारच. पण मीही कुणाची तरी लेक आहेच ना! माझ्या मेलेल्या आईला खोटारडी ठरवायला आलीस तू, तेही मी यंदा कुमारी मातेच्या जत्रेची यजमान असताना — जन्म गेला गं माझा ते यजमानपद मिळायला. आईला त्या खटल्याच्याच वर्षी मिळालं होतं — पण ते जाऊ दे.

घे, ही वाटी घे. आज निशाण वर आहे, रांजण भरलाय, मेलितोनची नात झालीस म्हणून तुला तहानलेली थोडीच पाठवणार? हं, आधी चार थेंब धरणीमायला — अगं अगं, किती सांडतेस! अर्धी वाटी! आजोबावरच गेलीस बघ. तोही असाच, हात सैल, तू बसलीयेस त्याच खांबापाशी बसलेला — आई ओरडली त्याच्यावर, मेल्या, आज तरी ओतू नकोस, आज देव गेलाय, धरणीमाय सुतकात आहे, तिला कसली पाजतोस — आणि तो म्हणतो कसा, कास्ता, सुतकातल्यालाच जास्त तहान लागते. मी वाटी धरून उभी, मला फस्सकन हसू आलं, तर आईने माझं तोंडच दाबलं, बाहेरून मिरवणूक चाललेली ना —

काय झालं? थांबलीस का? पी की.

कुठला दिवस म्हणजे? असेल कुठला तरी. देव काय, दरवर्षीच मरतो, गुड फ्रायडे एकदाच येतो का? त्याच वर्षीचा कशावरून? मी म्हटलं का तसं? माझं वय झालंय, सरमिसळ होते. बंद कर ते यंत्र. बंद कर म्हणते ना!

हे बघ. आई खोटं बोलली नाही. त्यांनी विचारलं, निशाण होतं का? ती म्हणाली, नव्हतं. नव्हतंच! गुड फ्रायडेला निशाण लावलं असतं तर पाद्रीबाबाने तिला सोडलं असतं का? त्या दिवशी मागच्या दाराने यायचं, गुपचूप प्यायचं — देवाचे डोळे मिटलेले, कोण बघतंय, पाप लागत नाही. गावाला ठाऊक होतं, पण बोलणार कोण? बोललं की आपणही पितो हे कबूल. आणि जज्जाने विचारलंच नाही की बाई, निशाणाशिवाय आत कुणी होतं का. विचारलं असतं तर — तर काय, नसतंच सांगितलं तिने. हाती आलेलं यजमानपद गेलं असतं. तिला वाटलं, निरपराध आहे, सुटेल. भाबडी होती. मग पुढे दर गुड फ्रायडेला त्या खांबापाशी वाटी ओतायची, भरलेली वाटी, आणि मला म्हणायची, प्रिमितिवा, त्या दिवशी देव जिवंत असता तर त्याने साक्ष दिली असती गं. वाईट वाटतं मला, पोरी. खरंच वाटतं. मी त्याच्या हातात वाटी दिली होती.

उद्या? मी? कोर्टात? छे. रांजण कोण बघेल, जत्रा तोंडावर आलीये, गावात तोंड कुठे — नको म्हटलं ना! आणि रडू नकोस इथे.

ऊठ. वरच्या आळीची माणसं येतायत, तुला बघतील. ऊठ, आणि जाताना ते निशाण उतरव, तुझा हात पोचतो. असू दे रांजण भरलेला, उतरव तू! उतरवलंस? — झालं तर. निशाण नाही, म्हणजे चिचा नाही. आता कुणी विचारलं तर तू इथे प्यायलीच नाहीस. जा.