दोन सारख्या मुठी

हॅलो?

… हॅलो, कोण बोलतंय? जरा मोठ्याने बोला, इथे मशीन चालू आहे…

… चिमे? अगं, तू बोलतेयस?

… थांब, थांब. लेथ बंद करते आधी. … हं, बोल आता. नाही, हळूच बोल, जबड्याला ताण देऊ नकोस. तारा कधी काढल्या? … आज सकाळी? आणि मला कुणी कळवलंही नाही.

… कळतंय की. थोडं बोबडं येतंय, पण कळतंय सगळं. पुढचे तीन दात गेल्यावर ‘स’ कसा येणार धड…

… नाही गं, हसत नाहीये मी.

… येणार होते. परवाच येणार होते, पण शाळेत सुतारकामाच्या परीक्षा चालू आहेत, तपासायच्या सांध्यांचा ढीग पडलाय… हो. बरोबर आहे तुझं. तीन आठवड्यांत दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा तू झोपेत होतीस.

… नर्सने सांगितलं तुला?

… हो. विचारलं होतं मी तिला, झोपलीय ना म्हणून. झोपलीय म्हणाली, मग आत आले.

… अगं ऐक ना… नाही, तू बोल. तू बोल आधी.

… आईने? काय सांगितलं आईने?

… चिमे, आईचं काय ऐकतेस. जिन्यात कुणी भेटलं की तिचं सुरू होतं. ‘इंजिन हवेत बंद पडलं, पण थोरलीने धाकटीला सुखरूप खाली आणलं.’ दूधवाल्यालासुद्धा सांगून झालंय. … हो, विमानांच्या क्लबातही फळ्यावर लिहिलंय. अजून पुसलेलं नाही. मी हल्ली त्या दाराने जातच नाही, मागून जाते.

… आभार कसले मानतेस? … नको. चिमे, नको ना बोलूस असं.

… मिळालं ते तक्रारीचं पत्र. काल शिपाई देऊन गेला. तुझ्या वकीलसाहेबांनी लिहिलंय झकास, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. … वाचलं. ‘मिस्त्रींच्या हलगर्जीपणामुळे इंजिन बंद पडले’… हो, दोन्ही पानं वाचली. … नाही, सही नाही केली अजून. रंध्याखाली ठेवलंय, उडू नये म्हणून.

… वेळ नव्हता असं नाही.

… मला माहितीये त्यांना राग आलाय. नवरा आहे तुझा, राग येणारच. पण मिस्त्रीकाकांनी… अगं, चाळीस वर्षं हा माणूस इंजिनं जोडतोय. … हो, तपासनीसांच्या कागदात ‘कारण सापडले नाही’ असंच आहे. … म्हणून इंजिनवाल्याचाच दोष? … क्लबात दोघांनी आपापली इंजिनं त्यांच्याकडून उचलून नेली, हेही ठाऊक आहे मला. मी उभी होते तिथे. गाडीवर चढवायला हात लावला मी.

… मी सही करणार नाही, चिमे.

… जुनी ओळख आहे म्हणून नाही.

… भीड नाही गं.

… सांगते. सांगते ना, जरा श्वास घेऊ दे. … जवळ कोणी आहे का तुझ्या? … चहाला गेलेत? बरं. तू पडून बोलतेयस की बसून? … उशी घे पाठीला.

… तुला त्या सकाळचं काय काय आठवतं?

… हो, नदी. … हो, ढग खाली होते, काचेवर दव धरलं होतं. तू बोटाने पुसलीस काच. मग इंजिन खोकायला लागलं, ते आठवतं? … तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं काही नाही, होतं असं. खरंच होतं तसं. दमट हवेत कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बर्फ धरतं, मग इंजिनाला हवा पुरत नाही. त्याच्यावर उपाय सोपा आहे. समोर एक मूठ असते, ती ओढायची. गरम हवा आत जाते, बर्फ वितळतं, झालं.

… हो, ओढली. … तेच सांगतेय.

… त्या मुठीच्या शेजारी तसलीच आणखी एक मूठ आहे. ती ओढली की पेट्रोल बंद होतं. खाली उतरल्यावर इंजिन थांबवायला.

… हो.

… हो, चिमे. ती ओढली मी.

… हॅलो? … आहेस ना?

… नाही, बघितलं नाही. बाहेर बघत होते, ढगाकडे. हात आपोआप गेला. आणि इंजिन थांबलं तेव्हा मला वाटलं बर्फानेच थांबलं, म्हणून आणखी घट्ट ओढून धरली. पंखा वाऱ्याने फिरत होता गं. मूठ नुसती परत आत ढकलली असती तर इंजिन तिथल्या तिथे लागलं असतं. आठशे फुटांवर होतो आपण. वेळ होता.

… नाही, कुणाच्याही हातून झालं असतं असं नाही म्हणता येणार. तसं म्हणू नकोस. कारण मला सांगितलं होतं. … तपासणीला साहेब आले होते ना गेल्या वर्षी, जाड भिंगांचे? ते माझ्या जागेवर बसले, डोळे मिटले, आणि त्या दोन मुठी चाचपून बघितल्या. म्हणाले, ‘बाई, काम देखणं आहे, पण यातली कुठली कुठली हे माझ्या हाताला कळत नाहीये. एक लाल करा, खाचांची करा, आणि लांब बसवा.’

… केली होती. लाल प्लॅस्टिकची टोपी बसवली एकीवर. ते पुन्हा आले, टोपी बघितली, बाकीचं करते म्हटलं, तेव्हा मंजुरीचा शेरा देऊन गेले. त्याच आठवड्यात मी ती काढून टाकली.

… का म्हणजे? दिसायला वाईट दिसत होती म्हणून. एवढंच. दुसरं काही कारण नाही. सहा वर्षं मी ते विमान बांधलं. समोरची ती मुठी बसवलेली फळी एकसंध शिसवीची, अकरा हात पॉलिश. दोन्ही मुठी एका लाकडातून काढलेल्या, रेषासुद्धा जुळवल्या होत्या. आणि त्यावर ते खेळण्यातलं लाल टोपण… बघणारा प्रत्येक जण आधी तेच बघायचा. मला सहन होईना.

… हो. फळीची कडसुद्धा.

… तेही सांगितलं होतं. ‘कडेला फोम लावून वर चामडं ओढा, कुणाचं तोंड आपटलं तर’… हो, अगदी याच शब्दांत. लावते म्हटलं. आणि खांद्याचे पट्टे दोन्हीकडे माझ्याच उंचीचे बसवले. तू चार बोटं बुटकी, तुझा पट्टा घसरणार हे मला कळायला हवं होतं. लहानपणी माझे फ्रॉक तुझ्या खांद्यावरून उतरायचे, तेव्हा पिना लावून द्यायची मी तुला.

… रडू नकोस, जबडा दुखेल. … बरं, रड.

… नाही, अजून आहे.

… आहे गं. हे सांगायचं ठरवलं होतं मी, म्हणजे एवढंच सांगेन असं ठरवलं होतं. पण तू आभार मानलेस ना मघाशी… ऐक.

… शेतात उतरलो. बांधाला चाक अडलं, विमान नाकावर उभं राहून थांबलं. सगळं शांत. मी मान खाली केली तर समोर ती मूठ, बाहेर आलेली. तेव्हा कळलं मला काय केलंय ते. आणि मी ती आत ढकलली.

… कुणाला कळू नये म्हणून.

… नाही. इंजिन परत लावायला नाही. पंख्याचे तुकडे झाले होते, लावायचं काय होतं तिथे. तपासायला आलेल्याला मूठ जागेवर दिसावी म्हणून. एका क्षणात सुचलं गं. मला इतकं चटकन कधी काही सुचत नाही.

… तू? … तू फळीवर तोंड टेकून पडली होतीस. तुझ्या नाकातोंडातून रक्त येत होतं.

… आधी मूठ.

… हो. आधी मूठ ढकलली, मग तुझ्याकडे बघितलं.

…

… नाही, गेले नाहीये. आहे मी.

… पेट्रोलचा वास? आठवतो तुला? … तो त्याचाच. बंद झालेलं पेट्रोल मी परत सोडलं होतं ना. नाकावर उभं विमान, इंजिन तापलेलं, त्यावर ठिबकत होतं. कुठलंही विमान पडलं की सगळ्यात आधी पेट्रोल बंद करायचं, क्लबात नव्या मंडळींना मीच शिकवते हे. फळ्यावर खडूने लिहून. … शेतकरी धावत आले आणि त्यांनी तुला ओढून बाहेर काढलं. मला तुझा पट्टा सुटेना. आई म्हणते थोरलीने बाहेर काढलं. मी नाही काढलं.

… विचारू नकोस. मलाच माहीत नाही. रोज सकाळी उठून म्हणायचे, आज सांगू. मग कुणीतरी ‘धीराची आहात हो’ म्हणायचं, आणि मी मान हलवायची.

… हो.

… हो, ऐकतेय. बोल. काय बोलायचं ते बोल.

… हं.

… हं.

… खरं आहे.

… तेही खरं आहे. लहानपणापासून.

… वकीलसाहेबांना तू सांग, की मी सांगू? … बरं. तू सांग. तपासनीसांना मी लेखी देते, आजच. … आईला? आईला मी सांगते, तोंडावर.

… काय म्हणालीस? … आत्ता? … अगं, मी जाणारच आहे मिस्त्रीकाकांकडे, संध्याकाळी शाळा सुटली की…

… नाही, टाळत नाहीये. … बरं, टाळतेय.

… तू लाईनवर राहणार? … ठीक आहे. कार्यशाळेतला फोन आहे इथे, त्याच्यावरून लावते. हा मोबाईल टेबलावर ठेवते, तुला ऐकू येईल. … हो, नंबर पाठ आहे.

… वाजतोय.

… हॅलो, मिस्त्रीकाका? मी बोलतेय. … हो, शाळेतूनच. हातातलं काम जरा खाली ठेवता का? … कुठलं इंजिन उघडलंय? … माझं? परत?

… कितव्यांदा, काका?

… चौथ्यांदा. … काकू ओरडतात ते बरोबरच आहे. जेवून घ्यायचं ना वेळेवर.

… काका, ऐका. पाना ठेवा खाली. त्यात काही सापडणार नाही. तुमच्या इंजिनात काही खोट नव्हती. पेट्रोलची मूठ मी ओढली होती, चुकून. आणि नंतर लपवलं.

… हो. मीच.

… पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही शेतात येऊन ते तुकडे गोळा करत होता ना, तेव्हाही माहीत होतं.

… काका, शिव्या द्या हव्या तर.

… कोण, ती? … बरी आहे. आजच बोलायला लागली. … हो, जेवते पातळ पातळ. … तुम्ही तिची चौकशी काय करताय, काका, मी तुम्हाला…

… हो, येते. आत्ताच येते. क्लबात आधी जाऊ म्हणता? … चालेल. सगळ्यांसमोर सांगेन. फळाही मीच पुसेन.

… थांबा हं, एक मिनिट. … चिमे, ऐकलंस ना? काका म्हणतायत… चिमे?

… हॅलो?

… नाही काका, तुम्हाला नाही. धाकटी होती दुसऱ्या फोनवर. तिने ठेवला. … हो. ठेवू दे. तिला हवं तेव्हा करेल ती.

… निघतेच मी. ठेवते.