कुरणवाडीची बाळंतीण

मंडळी, ऐका. आज एक साधा प्रश्न विचारतो. पाणी उंबऱ्याला लागलं, तर हाक कुणाला मारायची? देवाला की सरकारला?

मागनं कोण म्हणालं, देवाला? शाबास. अहो, पण देव झोपतो कुठं? शेषावर. शेष कुठं? पाण्यावर. ज्याला चारी बाजूंनी पाणी असल्याशिवाय झोप लागत नाही, त्याला पुराची बातमी काय सांगता? आषाढीला जो डोळा मिटतो, तो भाद्रपदात एकदा कूस बदलतो, बस. आणि आपला पूर येतो श्रावणात! चुकामूक ठरलेलीच.

मग राहिलं सरकार. तर ही गोष्ट सरकारची. मुंबईतलं सरकार नव्हे हां. ते हेलिकॉप्टरमधनं आलं होतं. त्यानं वरून पाणी बघितलं, पाण्यानं खालून त्याला बघितलं, आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. आपल्या कृष्णाकाठच्या कुरणवाडीच्या वाट्याला जे सरकार आलं होतं, ते होतं पाच फूट तीन इंच. नाव नागनाथ बिराजदार. हुद्दा तलाठी.

हा नागनाथ लातूरकडचा. लहानपणापासून त्यानं पाणी बघितलं ते टँकरमधलं. पोहता येत नाही. नदीकाठच्या गावात नेमणूक झाली, तेव्हा त्याच्या आईनं म्हणे पेढे वाटले, लेकाची पाण्याची चिंता मिटली म्हणून. आठ महिन्यांत मिटलीच! वरून धरणाचं पाणी सुटलं, इकडं आभाळ फाटलेलं, आणि चौथ्या दिवशी मारुतीच्या देवळाच्या कळसावर बगळा बसलेला, पायाखाली पाणी.

गाव रिकामं झालं. सगळी माळावरच्या शाळेत. यादी मोजली तर एक नाव कमी. बाळाक्का मगदूम, वय सत्तर, एकटी, वरच्या आळीला उंच जोत्यावर घर. ती यायलाच तयार नाही.

तहसीलदार फोनवर म्हणाले, "बिराजदार, बोटीतनं जा. आली तर घेऊन ये. येत नसेल तर नकारपत्रावर अंगठा घे, म्हणजे आपण मोकळे."

नकारपत्र म्हणजे काय, ठाऊक आहे? सरकार मला न्यायला आलं होतं, मी गेले नाही, आता बुडाले तर माझं मी बघून घेईन. बुडाल्यावर कसं बघून घ्यायचं, ते मात्र कागदात लिहिलेलं नसतं.

नागनाथ बोटीत बसला. बसला म्हणजे काय, बोटीला मिठी मारून पडला. बचाव दलाचे जवान हसले. त्यांनी त्याला बाळाक्काच्या पायरीवर उतरवलं आणि म्हणाले, "पलीकडच्या वस्तीवर पंधरा माणसं अडकलीत. तासाभरात येतो." आणि गेले.

बाळाक्का सोप्यात बसलेली. शेजारी म्हैस. म्हैस गाभण, अगदी टेकीला आलेली, आज व्याली की उद्या.

"आक्का, चला. बोट येतेय."

"म्हस?"

"म्हैस बोटीत मावत नाही, आक्का."

"मग मी बी मावत न्हाई."

नागनाथनं कागद काढला. "मग इथं अंगठा द्या."

बाळाक्कानं कागदाकडं बघितलं नाही, त्याच्याकडं बघितलं. म्हणाली, "मागच्या पुरात बी तुमची माणसं आलीती. मला उचललं, बोटीत घातलं. मी वरडत हुते, आरं दावं तरी सोडा. न्हाई सोडलं. चौथ्या दिशी आले, तर म्हस दाव्यालाच. फुगल्याली. मी जित्ती ऱ्हायले, सरकारचं काम झालं. माझं झालं का?"

नागनाथनं कागद घडी करून खिशात ठेवला.

तास गेला, दोन गेले. खालून तिसरी पायरी बुडाली, मग चौथी. आणि मंडळी, अशा मुहूर्ताला म्हशीला कळा सुरू झाल्या. बाळाक्का म्हणाली, "तलाठीसाहेब, बाह्या मागं सारा."

"मी? आक्का, मी सातबारा लिहिणारा माणूस."

"मग आज आठवा लिवा."

अहो, हसताय काय? रेडकाचे पुढचे पाय बाहेर आलेले, डोकं अडकलेलं. म्हातारीच्या हातात जोर नाही. नागनाथनं डोळे मिटले, पाय धरले, आणि ती सांगेल तसं, कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. अर्धा तास. शेवटी रेडकू आलं ते थेट ह्याच्या मांडीवर. रेडी होती. श्वास घेईना. बाळाक्कानं तिच्या नाकातलं काढलं, गवतानं खसाखसा अंग पुसलं, आणि रेडीनं एक शिंक दिली. नागनाथ ढसाढसा रडला. का रडला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

तोवर पाणी शेवटच्या पायरीला. त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला.

"बोट पाठवा, साहेब."

"किती माणसं?"

"दोन."

"दोनच? मग थांबा. जिथं जास्त माणसं, तिथं आधी."

नागनाथनं सोप्यात बघितलं. म्हैस रेडीला चाटत होती. आयुष्यात ज्यानं शेराही खोटा मारला नव्हता, तो माणूस घसा साफ करून म्हणाला, "साहेब, बाळंतीण आहे. आत्ताच मोकळी झाली. बाळ अशक्त आहे."

मंडळी, सरकार हललं! वीस मिनिटांत बोट. बोटीत दोन जवान, नर्सबाई, गरम कपड्यांचं गाठोडं, वर दुपटं. नर्सबाई पाण्यातच उतरल्या, पळत सोप्यात आल्या. "बाळंतीण कुठाय?"

नागनाथनं बोट दाखवलं.

नर्सबाईंनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं नर्सबाईंकडं. कोण जास्त दचकलं, त्याबद्दल दोन मतं आहेत.

"बिराजदार, लाज वाटत नाही?"

"वाटते, ताई. पण बुडाल्यावर वाटून काय उपयोग?"

नर्सबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या, आणि दुपटं रेडीच्या अंगाभोवती गुंडाळून तिला बोटीत घातलं. पण म्हशीचं काय? ती रबरी बोटीत चढेना, आणि व्यायलेलं जनावर पाण्यात घालायचं म्हणजे बाळाक्काच्या जिवाची कालवाकालव. तेवढ्यात बोटीतनं रेडी ओरडली. एकदाच, बारीक आवाजात. म्हशीनं कान टवकारले आणि स्वतःच पाण्यात झेप घेतली. बोट पुढं, म्हैस मागं, नुसतं नाक आणि शिंगं वर. अर्धा मैल. रेडी नागनाथच्या मांडीवर, आणि तो लातूरचा माणूस, पाण्याला भिणारा, बोटीच्या बाहेर वाकून म्हशीचा कासरा धरून बसलेला. त्याचं स्वतःकडं लक्षच नव्हतं.

म्हैस माळाला लागली. बाळाक्कानं छावणीच्या चुलीवर खरवस केला. जवानांना दिला, नर्सबाईंना दिला. आणि नागनाथला? त्याला मिळाली नोटीस. खोटी माहिती देऊन बोट मागवली, कारणे दाखवा.

पूर ओसरल्यावर प्रांतबाईंपुढं चौकशी. त्या म्हणाल्या, "एका म्हशीसाठी सरकारी बोट? ती म्हैस आधीच का हलवली नाही? गावात ट्रॅक्टर नव्हते?"

नागनाथ म्हणाला, "होते, बाईसाहेब. सत्तावीस. आदल्या दिवशी सगळे भरून माळावर आले. शाळेच्या दारात मी नोंद घेत होतो." आणि त्यानं वही उघडून वाचायला सुरुवात केली. सोफा, एक. फ्रीज, अकरा. सिमेंटची पोती, चाळीस. लग्नाचं स्टेज, सुटं करून. कुंड्या, बावीस. "ह्यातले नऊ ट्रॅक्टर बाळाक्काच्या दारावरनं आले. ती दारात उभी राहून विचारत होती, म्हशीला जागा हाय का. जागा कुणाकडं नव्हती."

प्रांतबाईंनी पेन खाली ठेवलं. नागनाथला तोंडी ताकीद दिली आणि फाईल बंद केली.

पण मंडळी, वहीतली एक नोंद तिथं वाचायची राहिली. ती मी पुढं स्वतः मागून घेऊन बघितली. नववा ट्रॅक्टर. हार्मोनियम एक, मृदंग दोन, टाळांचं खोकं, सतरंज्या, आणि एक महाराज.

तो महाराज मी.

बाळाक्कानं मला विचारलं होतं. आणि मी ट्रॉलीतनं हात जोडून काय म्हणालो, ऐकायचंय? म्हणालो, "आक्का, देव आहे. सरकार येईल."

हाक कुणाला मारायची, हा प्रश्न मी सुरुवातीला तुम्हाला विचारला. म्हातारीनं हाक बरोबर मारली होती. पाऊस ह्याही वर्षी आहे. आता नाम घेऊ या, पण टाळ उचलायच्या आधी प्रत्येकानं मांडी जरा आवरा आणि शेजाऱ्याला जागा द्या. दिली? मग म्हणा माझ्या मागनं.